रेसेटियरचं दुकान बंद का करवत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सेलमध्ये ‘रेसेटियर’ हा जुना जपानी खेळ घेतलात आणि ‘एवढा एक दिवस संपवतो आणि झोपतो’ म्हणता म्हणता रोज पहाट होऊ लागली. इकडे तुम्ही स्वतः कोकणातल्या एका किराणा दुकानाचा खेळ बनवताय. त्यात भरपूर वस्तू आहेत, दुकान सजवता येतं, पातळ्या चढता येतात. गिऱ्हाईक येतं, वस्तू उचलतं, ठरलेला भाव देतं आणि जातं. मित्रांना खेळायला दिला की ते ‘छान झालाय’ म्हणतात आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद करतात. मग रेसेटियरसारखं व्यसन लागावं म्हणून आपल्या खेळात आणखी काय घालावं, हे तुम्हाला हवंय.

मी खेळांची अर्थव्यवस्था बांधण्याचं काम करते. कोणती वस्तू कितीला, पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, खेळणाऱ्याला हात आखडता कधी घ्यावा लागतो, हे ठरवणं माझं रोजचं काम. दुकानांचे खेळ हा त्यातला माझा सगळ्यात आवडता प्रांत आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

‘काय घालावं’ असं विचारलं की लगेच यादी तयार होते: आणखी वस्तू, आणखी सजावट, रोजची बक्षिसं. त्यातलं बहुतेक तुमच्याकडे आहेच. म्हणून मी प्रश्न वेगळा मांडते. विकण्याच्या त्या क्षणी खेळणारा नेमकं काय ठरवतो? तुमच्या वर्णनावरून उत्तर निघतं, काहीच नाही. भाव आधीच ठरलेला, गिऱ्हाईक आधीच राजी. दुकान आपापलं चालतंय आणि दुकानदार बाजूला उभा राहून बघतोय. तुमच्या मित्रांना कंटाळा आला नसावा. आपलं इथे काही अडत नाही, एवढंच त्यांना कळलं असावं.

आधीच सांगते, तुम्हाला कसला खेळ करायचाय यावर बरंच अवलंबून आहे. निवांत बसून फळ्या लावायच्या, बरण्या मांडायच्या असा शांत खेळ करायचा असेल तर मी पुढे सांगणार असलेला ताण त्यात ओतू नका. त्या प्रकाराचा आनंद निराळा आहे. फोनवर पाच-पाच मिनिटं खेळायचा असेल तर दिवसाची लांबी वेगळी ठेवावी लागेल. पण तुम्ही नाव रेसेटियरचं घेतलंत, म्हणून त्याच्याच पोटात शिरू.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘ईझीगेमस्टेशन’ नावाच्या एका छोट्या जपानी गटाने तो बनवला आणि २००७ च्या डिसेंबरात टोकियोतल्या कॉमिकेत या हौशी निर्मात्यांच्या जत्रेत विकायला ठेवला. इंग्रजी आवृत्ती सप्टेंबर २०१० मध्ये आली. ती काढली अँड्र्यू डाइस आणि रॉबिन लाइट-विल्यम्स या दोघांच्या ‘कार्पे फुल्गुर’ने. स्टीम या संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आलेला पहिला स्वतंत्र जपानी खेळ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि त्याच्या प्रती लाखाच्या पुढे गेल्या. गोष्ट साधी आहे. रेसेट लेमनग्रास नावाच्या मुलीचा बाप पराक्रम गाजवायला निघून गेला आणि बेपत्ता झाला. मागे राहिलं त्याचं कर्ज. वसुलीला सावकारी कंपनीची टिअर नावाची परी येते आणि घराचंच दुकान करून कर्ज फेडायचं ठरतं.

आता मुद्द्याकडे. गिऱ्हाईक वस्तू घेऊन गल्ल्यापाशी येतं. वस्तूची मूळ किंमत तुम्हाला दिसते, आणि तुम्ही आकडा सांगायचा. जास्त सांगितला तर ते कुरकुरतं, तुम्ही खाली यायचं. पुन्हा जास्त वाटला तर ते निघून जातं. पहिल्याच आकड्याला सौदा पटला तर अनुभवाचे गुण मिळतात, आणि असे सौदे ओळीने पटत गेले तर ते गुण वाढत जातात. गिऱ्हाइकाच्या मनातल्या कमाल आकड्याच्या अगदी जवळ पोचलात तर आणखी बक्षीस. एवढीच यंत्रणा आहे. कागदावर लिहिली तर अर्धं पान भरणार नाही.

पण हा कमाल आकडा वस्तूत नसतो, माणसात असतो. तीच भाकरी शाळकरी मुलगी एका भावाने घेते, गृहिणी दुसऱ्या भावाने, म्हातारे आजोबा तिसऱ्याच. मुलीच्या खिशात थोडेच पैसे असतात. महागडी वस्तू तिला आवडली तरी ती तिच्या आवाक्यात नसते. आलुएट नावाची श्रीमंत मुलगी येते तेव्हा मनातला आकडा आपोआप वर सरकतो. यूरिया नावाची बाई स्वतःच तुम्हाला माल विकायला येते आणि असा काही भाव सांगते की सावध नसलात तर गंडलात. खेळात पंधरा-वीस तास गेल्यावर तुम्ही वस्तूंची यादी पाठ केलेली नसते, माणसं पाठ केलेली असतात. दार उघडून कोण आत आलं हे बघताक्षणी बोटं आकड्याकडे वळतात. मूळ किमतीच्या १३० टक्क्यांपर्यंत बरेचजण पटतात आणि १०५ टक्क्यांच्या आसपास सांगितलं तर लोक खूश राहतात, हे आडाखे खेळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहेत. तरीही प्रत्येक जण आपले आडाखे स्वतः बांधतो, कारण गिऱ्हाइकाशी संबंध चांगले राहिले तर त्याचं बजेटही हळूहळू वाढतं. आज सोडलेला नफा पुढच्या आठवड्यात परत येऊ शकतो. म्हणजे प्रत्येक सौद्यात दोन हिशेब असतात, आत्ताचा आणि नंतरचा, आणि दोन्ही एकाच आकड्यात बसवायचे असतात.

याच्या शेजारी ‘मूनलायटर’ ठेवून बघा, म्हणजे फरक कळेल. स्पेनमधल्या ‘डिजिटल सन’चा हा खेळ २०१८ मध्ये आला. दोन्ही खेळांत विकायचा माल मिळवायला गुहांमध्ये उतरून लढता येतं. मूनलायटरची चित्रं सुंदर, गुहांमधली लढाई रेसेटियरपेक्षा कितीतरी सरस. तिथेही भाव तुम्हीच लावता. गिऱ्हाईक वस्तूपुढे थांबतं आणि त्याच्या चेहऱ्यावर चारांपैकी एक भाव उमटतो: फारच महाग, जरा महाग, योग्य, फारच स्वस्त. तुमच्या वहीत त्याची नोंद होते. कल्पना गोड आहे, पहिले काही तास मजा येते. पण तिथे योग्य किंमत मुख्यतः वस्तूची आहे. दोन-तीनदा चेहरे बघितले की आकडा सापडतो, वहीत बसतो, आणि त्या वस्तूचं कोडं सुटतं. मग दुकान उघडणं म्हणजे वहीतले आकडे फळीवर उतरवणं. रेसेटियरमध्ये कोडं पुरतं सुटत नाही, कारण ते दर वेळी नव्या माणसाच्या रूपाने दारातून आत येतं. माझ्या मते तुमची झोप उडवणारी पहिली गोष्ट हीच.

हा प्रकार रेसेटियरने शोधून काढला असं नाही. ‘लेमोनेड स्टँड’ हा सरबताच्या गाड्याचा खेळ मिनेसोटातल्या शाळांसाठी १९७० च्या दशकात तयार झाला आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर आला. हवामान बघायचं, किती ग्लास करायचे, किती पाट्या लावायच्या आणि ग्लास कितीला विकायचा हे ठरवायचं. अर्थशास्त्राचा धडा म्हणून आजही तो चांगला आहे. मात्र तिथे गिऱ्हाईक म्हणजे नुसती संख्या. १९९० च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’ या जपानी साहसी खेळामधलं तिसरं प्रकरण हा मला या घराण्याचा खरा पूर्वज वाटतो. त्यात तुम्ही शूर योद्धा नसता, तोर्नेको नावाचा शस्त्रविक्रेता असता. आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचं दुकान, आणि गल्ल्यावर बायको. जगातले सगळे वीर ज्याच्या दुकानातून तलवार घेऊन पुढे निघून जातात, त्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा ‘तुझं कसं चाललंय?’ असं विचारलं. रेसेटियर त्याच ओळीत बसतो.

दुसरी गोष्ट कर्जाची, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या कामाचा जीव यात आहे. हप्ते दर आठवड्याला पडतात. पहिला १०,००० पिक्सचा (पिक्स हे त्या खेळातलं चलन), दुसरा ३०,०००, तिसरा ८०,०००, चौथा २,००,०००, पाचवा ५,००,०००. एकूण ८,२०,०००. पाचवा हप्ता पहिल्यांदा ऐकला की पोटात गोळा येतो. पण गुणोत्तर बघा: तिप्पट, मग पावणेतिपटीच्या थोडं खाली, मग दोनदा अडीचपट. आता दुकानाच्या बाजूने हिशेब करा. तुमच्याकडे हजार पिक्सचा माल आहे आणि तो तुम्ही ३० टक्के चढवून विकता. सगळे पैसे पुन्हा मालात घातले आणि माल असा चार वेळा पूर्ण फिरला, तर हजाराचे साधारण २,८५६ होतात. म्हणजे आठवड्यात भांडवल चारेक वेळा फिरवणाऱ्या दुकानाची वाढ आणि हप्त्यांची वाढ जवळजवळ हातात हात घालून चालतात. रचणाऱ्याने हाच हिशेब मांडला होता असा माझा दावा नाही, पण खेळताना ती बरोबरी सतत जाणवते. तुम्ही नेहमी किंचित मागे असता, आणि नेहमी ‘जमेल’ असं वाटत असतं.

वरून हप्ता याच भांडवलातून जातो. आठवड्याच्या सुरुवातीला सगळा पैसा मालात घालणं शहाणपणाचं. पण हप्त्याच्या दिवशी गोदामात उंची चिलखतं आणि हातात रोकड नाही, तर दुकान गेलं. उलट रोकड लवकर जपून ठेवली तर वाढ थांबते आणि पुढचा हप्ता गळ्याशी येतो. खेळतं भांडवल आणि देणं यांची ही ओढाताण कुठल्याही खऱ्या दुकानदाराला विचारा, तो तुम्हाला अर्धा तास सांगेल. बहुतेक दुकानी खेळांना ती सापडतच नाही. त्यांच्यात पैसा फक्त वाढतो, आणि नुसता वाढणारा पैसा थोड्या वेळाने दिसेनासा होतो. तुमच्या खेळात खेळणाऱ्याला पैशाची चणचण कधी भासते? माझा अंदाज, कधीच नाही.

वेळेची चणचणही तितकीच मोलाची. रेसेटियरचा दिवस चार भागांचा असतो. दुकान उघडलं की एक भाग गेला. गुहेत माल शोधायला गेलात तर त्याहून जास्त जातो. गुहेतला माल फुकट पडतो, पण तेवढा वेळ दुकानाला कुलूप. मधेच एखाद्या प्रकारच्या मालाचा भाव चढल्याची किंवा पडल्याची बातमी येते. पडलेला माल उचलून ठेवायचा की हप्त्यासाठी रोकड धरायची? कुणी गिऱ्हाईक सांगून जातं की अमक्या दिवसापर्यंत अशा प्रकारची वस्तू लागेल. तुम्ही हो म्हटलेलं असतं. आता दिवसाच्या शेवटी खेळ बंद करायचा म्हटलं तर उद्याची ऑर्डर बाकी आहे, भाव चढलेला माल आजच काढायला हवा, हप्ता दोन दिवसांवर आहे. यातली एक गोष्ट संपते तोवर दुसरी अर्धी झालेली असते. तुमची पहाट इथे होते.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांचा दाखला देऊन काहीजण म्हणतात की बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवलं की झालं, माणूस कळ दाबत राहतो. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. त्याने कळ का दाबली जाते हे कळेल. पण ती शाळकरी मुलगी दारात दिसल्यावर आपण आपसूक भाव कमी का सांगतो, हे कळत नाही. आणि लोक ते खरोखर करतात. मी चाचण्यांमध्ये कितीतरी लोकांना हे करताना पाहिलंय. पूर्ण भाव सांगितला तरी चालला असता हे माहीत असूनही ते त्या मुलीला सूट देतात. खेळ त्यांना तसं करायला सांगत नाही. तिथे दुकानदारी सुरू होते.

रेसेटियरच्या विक्षिप्तपणाचाही यात मोठा वाटा आहे, आणि तो वरून लावलेला रंग नव्हे. रेसेट हिशेबात कच्ची, उत्साहात पक्की. आनंद झाला की ‘कॅपिटॅलिझम, हो!’ अशी आरोळी ठोकते. टिअर वसुलीला आलेली, तरी तिची काळजी घेणारी. लुई नावाचा लढवय्या कायम कफल्लक. शार्म ही चोर बाई दारूची शौकीन. आणि गंमत अशी की हेच लोक तुमचं गिऱ्हाईकही आहेत आणि गुहेत तुमच्यासाठी लढणारेही. लुईला तुम्ही चांगली तलवार विकलीत तर पुढच्या वेळी तो तीच घेऊन गुहेत उतरतो. त्याला महाग विकली तर नफा जास्त; पण त्याला परवडलीच नाही तर तो जुनी गंजकी घेऊन येणार आणि हरणार, आणि हरला की गुहेतल्या मालातलं जवळजवळ सगळं तिथेच राहणार. मी या रचनेवर अनेकदा परत गेलेय. एक सौदा, आणि त्याचे धागे गल्ला, नातं आणि गुहा अशा तिन्हीकडे गेलेले. विनोदी संवाद बाजूला काढले तरी हे उरतं. पण संवाद नसते तर लुईला तलवार परवडावी असं मनापासून वाटलं नसतं.

नापास होणंही प्रेमळ आहे. हप्ता चुकला तर घर जातं आणि रेसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात राहताना दिसते. चित्र बघून वाईट वाटतं. पण खेळ पुन्हा सुरुवातीला नेतो तेव्हा तुमचा माल आणि व्यापारी म्हणून कमावलेली पातळी सोबत असते. शिकलेलं वाया जात नाही, म्हणून दुसरा डाव टाकायला हात लगेच पुढे होतो. तुमच्या खेळात हरणं आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर ठेवा, आणि असंच ठेवा.

आता ‘व्यसन’ या तुमच्या मागणीबद्दल, कारण ती मला खटकली. ओढ हवी, हे मान्य. पण ओढ दोन तऱ्हांनी तयार करता येते आणि दोन्ही मला कामातून माहीत आहेत. एक रेसेटियरची: पैसे एकदाच द्यायचे, पाच आठवड्यांचं कर्ज फेडलं की गोष्ट पूर्ण होते, पुढे खेळायचा असेल तर मोकळा खेळ आहे, नसेल तर बंद करून समाधानाने उठायचं. दुसरी फोनवरच्या पुष्कळ फुकट दुकानी खेळांची: पाव भाजायला खरे चार तास लागतात, नको असतील तर खरे पैसे द्या. तिथे वाट बघण्याचा त्रास हाच विकायचा माल असतो. खेळणारा विचार करत नसतो, त्याला फक्त थांबवून ठेवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात खेळांच्या विकाराची नोंद आहे आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकीच्या आयुष्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं, असं त्याचं स्वरूप आहे. थोडे दिवस उशिरा झोपणं म्हणजे ते नव्हे; तरी तुमची नोकरी, कॉलेज, घर याला धक्का लागत असेल तर खेळ बाजूला ठेवा, दुकान कुठे पळून जात नाही. आणि स्वतःच्या खेळात दिवस संपल्यावर एक स्वच्छ थांबा द्या: हिशेबाचं पान, नोंद जतन, आणि ‘इथे थांबा’ असं ठळक बटण. ज्याला उद्याची उत्सुकता आहे तो उद्या नक्की येतो.

मग तुम्ही करायचं काय? सध्या सगळ्या वस्तू आणि सजावट बाजूला काढा. कोडही बंद ठेवा. कागदावर एक दुकान मांडा: एक फळी, सात-आठ वस्तू, चार गिऱ्हाइकं, एक हप्ता. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड करा आणि मागे त्याच्या मनातला कमाल आकडा लिहा. मित्राला दुकानदार करा, तुम्ही गिऱ्हाइकं व्हा. मी नवा खेळ हातात घेते तेव्हा आधी हेच करते, कारण एका संध्याकाळी जे कळतं ते महिनाभर कोड लिहून कळत नाही. आकडा सांगण्याआधी मित्र कुठे बघतो याकडे लक्ष ठेवा. तो किमतीच्या तक्त्याकडे बघत असेल तर खेळ अजून जिवंत झालेला नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघायला लागला, ‘मागच्या वेळी या मावशींनी किती दिले होते?’ असं पुटपुटायला लागला, की समजा जमलं.

तुमचं दुकान कोकणातलं आहे, यात तुमच्याकडे रेसेटियरकडे नसलेली एक जबरदस्त गोष्ट आहे: उधारी. रेसेटियरमध्ये सगळा व्यवहार रोखीचा. कोकणातल्या वाडीवरच्या दुकानात तसं चालेल का? ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी लावणारा दुकानदारही खाली वही ठेवून असतो. प्रत्येक घराचं एक पान. उधार दिलं तर माणूस टिकतो, पण तुमचं भांडवल त्याच्या घरात अडकतं. नाही दिलं तर तो दुसऱ्या दुकानात जातो आणि कदाचित चार घरं सोबत नेतो. तिकडे तुम्हाला माल पुरवणारा घाऊक व्यापारी दर आठवड्याला पैसे मागायला उभा. म्हणजे तुम्ही एकाचं देणं लागता आणि गाव तुमचं लागतं. रेसेटियरची ओढाताण एका बाजूने होती, तुमची दोन्ही बाजूंनी होईल, आणि ती उसनी वाटणार नाही.

हिशेबाचा चढउतारही कुठून आणायला नको, तो कोकणाच्या वर्षातच आहे. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, कोळी घरांत रोकड आटते, तुमच्या वहीची पानं भरायला लागतात. नारळी पौर्णिमा होते, होड्या समुद्रात जातात, आणि कोण आपणहून येऊन पान फाडायला सांगतं, कोण दुकानासमोरून मान खाली घालून जातं, हे तेव्हा कळतं. पाठोपाठ गणपती: चाकरमानी मुंबईहून येतात, गूळ, नारळ, रवा, तेल, अगरबत्ती हातोहात जाते, आणि तीही रोखीने. पण तो माल भरायला पैसे श्रावणात हवेत, म्हणजे नेमके सगळे उधारीत अडकलेले असताना. रेसेटियरमध्ये भाव चढल्याची बातमी अचानक येते. तुमच्या खेळणाऱ्याला गणपती कधी आहेत हे महिनाभर आधी ठाऊक असेल, आणि तरी तयारी जमेल की नाही याची धाकधूक राहील. मला हे जास्त आवडेल. ठाऊक असलेल्या संकटाची तयारी करताना माणूस जास्त विचार करतो.

एक सावधगिरी. उधारी आणली की वसुलीची दटावणी आणायचा मोह होईल: धमकी द्या, चारचौघांत अपमान करा, असे पर्याय. ते घालू नका असं मी म्हणणार नाही, खऱ्या आयुष्यात ते घडतंच. पण घातलेत तर परिणाम वाडीभर पसरू द्या. एका घराशी तुम्ही कसे वागलात हे दुसऱ्या घराला कळलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकं पुन्हा नुसती संख्या होतील.

आकड्यांचं म्हणाल तर सुरुवातीला माझ्याच पद्धतीने जा: नफा साधारण ३० टक्के धरा, माल आठवड्यात किती वेळा फिरतो ते कागदावरच्या खेळात मोजा, आणि हप्त्याची वाढ त्या वाढीच्या जराशी खाली ठेवा. फार खाली ठेवलीत तर ताण जातो. वर गेलात तर लोक दुसऱ्या आठवड्यात सोडतात. किराण्यात खरा नफा याहून बराच कमी असतो, हे मला माहीत आहे. खेळात तो वाढवावाच लागतो, कारण खेळणाऱ्याकडे वीस वर्षं नाहीत.

वस्तू मात्र कमी ठेवा. आत्ता आहेत त्यातल्या दहा-बारा उरल्या तरी चालतील. त्याऐवजी गिऱ्हाइकं वाढवा, आणि प्रत्येकाला निदान एक अशी गोष्ट द्या जी भाव सांगताना आठवेल: कुणाचा मुलगा मुंबईला आहे, कुणाला भाव पाडून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, कोण मोजून पैसे देतं आणि कोण न मोजता. कागदावर डाव मांडून झाला की मित्राच्या वहीत कुणाची पानं भरली आणि का, ते लिहून पाठवा. आकडे मी बघून देईन.